मेहकरचे वकील आणि नऊ आण्यांचं पुस्तक

आमच्याकडे यश फ्लेक्सवर छापतात. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, कुठल्याही एसटी स्टँडसमोर उभं राहा. पीएसआय झालेला, तलाठी झालेली, फौजेतली नोकरी पुरी करून घरी परतलेला, बारावीला तालुक्यात पहिली आलेली, असे सगळे वरून आपल्याकडे बघत असतात. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग आणि कोपऱ्यात हात जोडलेला एक पुढारी. त्याचा त्या निवडीशी काडीचा संबंध नसतो, पण फोटो सत्कारमूर्तीपेक्षा मोठा. मला या फ्लेक्सचा राग येत नाही. ज्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार ही गोष्ट पहिल्यांदाच येते आहे, त्या घराने ती चौकात उभं राहून सांगितली तर सांगू द्यावी. कोरडवाहू सोयाबीन-कपाशीच्या भरवशावर बसलेल्या माणसाला नोकरी म्हणजे काय वाटतं, ते बागायतदाराला कळायचं नाही. इकडे तर पिकाचं पास-नापासही अनेक जण अक्षय्य तृतीयेला मांडलेल्या भेंडवळच्या घटावरून आधीच ऐकून ठेवतात. पुढे पाऊस काय करील तो करील.

मराठी शिकवते म्हणून या फ्लेक्सचे मजकूर माझ्याकडे तपासायला येतात. जुनी मुलं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, "मॅडम, जरा शुद्धलेखन बघता का?" मी ‘हार्दिक’ आणि ‘नियुक्ती’ यांच्या वेलांट्या सरळ करून देते. एकदा असाच एक मजकूर तपासताना मनात आलं, आमच्या मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांसाठी कोणी फ्लेक्स लावायचं ठरवलं असतं, तर तो कोणत्या साली लावला असता?

नारायण घनश्याम देशपांडे. जन्म १९०९ चा, गाव सेंदूरजन. शिकायला बाहेर गेले, वकील झाले आणि मेहकरला येऊन राहिले. २००० साली वारले तोवर मेहकरचेच होते. विशीत असताना त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली, एचएमव्हीने तिची तबकडी काढली आणि ती मराठी मुलखात घरोघर वाजली. मराठी भावगीताचा इतिहास सांगणारे बरेच जण सुरुवात याच तबकडीपासून करतात. तेव्हा आकाशवाणी घरात पोचलेली नव्हती, बोलपट नुकताच बोलायला लागला होता. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. गाणी लिहिणाऱ्याला मुंबई-पुणे-कोल्हापुरात काम मिळण्याचे दिवस होते ते. पहिल्याच घावाला अशी लोकप्रियता हाती आलेला विशीतला कवी पुढे काय करील, याचा अंदाज कोणीही बांधू शकतं.

तो अंदाज चुकतो. कवी मेहकरला वकिली करत राहतो. पहिला संग्रह ‘शीळ’ निघतो १९५४ मध्ये, म्हणजे तबकडीनंतर वीस वर्षं उलटून गेल्यावर, वयाच्या पंचेचाळिशीत. दुसरा ‘अभिसार’ १९६३ मध्ये. तिसऱ्याला पुन्हा बावीस वर्षं. ‘खूणगाठी’ १९८५ चा, तेव्हा कवी पंचाहत्तरी ओलांडत होता. त्याला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर १९९६ मध्ये ‘गुंफण’ आणि ‘कंचनीचा महाल’. साठ-पासष्ट वर्षांच्या लिहित्या आयुष्यात संग्रह हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे कधी आलं नाही.

या तारखा मी वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो: "मॅडम, मधल्या बावीस वर्षांत ते काय करून राह्यले होते?" प्रश्न चांगला आहे. उत्तर सोपं आहे, पण मुलांना ते उत्तर वाटत नाही. कोर्टात जात होते. तालुक्याच्या ठिकाणची वकिली म्हणजे बांधाचे तंटे, भावांच्या वाटण्या, वहिवाटीचे वाद, कुळकायदा, तारखेवर तारीख. समोर धोतरातला पक्षकार, त्याच्या पिशवीत सातबाराचा चुरगळलेला उतारा. तो सगळा दिवस जगून झाल्यावर कधीतरी एक कविता होते, कधी वर्षभर होत नाही. झाली तरी ती लगेच मासिकाकडे धाडायची घाई नाही. त्यांच्या कवितेत रान आहे, वारा आहे, ओढ आहे, आणि ताल असा की वाचताना ओठ आपोआप हलतात. हे पुण्यात बसून आठवणीने लिहिलेलं रान नाही. घराबाहेर पडलं की पाच मिनिटांवर पैनगंगा आणि पुढे ते रान, अशा माणसाने लिहिलं आहे, आणि ते कळतं.

त्यांच्यासमोर जी. एन. जोशींना ठेवून बघावं. दोघे जवळपास एकाच वयाचे, दोघेही वकिलीच शिकलेले, दोघांचंही नाव त्या एकाच तबकडीने झालं. जोशी मुंबईला गेले, एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळू लागले, आणि हिंदुस्थानी संगीतातल्या किती तरी मोठ्या कलावंतांचे आवाज त्यांच्या हाताखालून तबकड्यांवर उतरले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी जगभर गेली, तिचे निर्माते जोशी. एकाने शीळ गायली आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे सूर जपले. दुसऱ्याने ती लिहिली आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे खटले चालवले. यात मोठा कोण, ही तुलना करायची मला अजिबात हौस नाही. जोशी मेहकरला राहिले असते तर आपण किती तरी संगीताला मुकलो असतो. प्रत्येकाने गावात राहावं असा माझा आग्रह असता तर तो निव्वळ गावठी अहंकार झाला असता. मला एवढंच दिसतं की एकाच दिवशी दोघांच्या हाती एकच यश आलं, आणि दोघांनी त्याचं वेगवेगळं काही केलं. दोघांनाही ते करायला मुभा होती.

ही मुभा कुठून येते, ते मला एका जुन्या विद्यार्थ्याने शिकवलं. नाव सांगत नाही. पुण्यात पेठेतल्या एका खोलीत चौघांत राहून, अभ्यासिकेच्या खुर्चीवर त्याने एमपीएससीची वर्षं काढली. पूर्व निघायची, मुख्य निघायची नाही. मुख्य निघाली त्या साली मुलाखतीत गेला. मग परत आला. देऊळगाव राजा आणि सिंदखेडराजा या पट्ट्यात भाजीपाल्याच्या बियाण्याचे प्लॉट करतात, जालन्याच्या बियाणे कंपन्यांसाठी. याने वडिलांच्या शेतात वीस गुंठ्यांचं शेडनेट उभं केलं आणि मिरची-टोमॅटोचं बीजोत्पादन धरलं. कंपनी नर आणि मादी, दोन्ही वाणांचं बी देते. मादीच्या झाडावरची कळी उमलायच्या आत चिमट्याने उघडायची, तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचा पराग तिच्यावर लावायचा. याला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. बहुतेक काम बाया करतात, आणि नजर त्यांचीच लागते. हंगाम संपला की बी कंपनीकडे जातं. तिथे उगवण तपासतात, मग थोडं बी लावून वाण शुद्ध निघतो का ते बघतात, ही चाचणी म्हणजे जीओटी. पास झालं तर पैसे. नापास झालं तर केलेली मेहनत, मजुरी, औषधं सगळं आपल्या अंगावर.

मी त्याला म्हटलं, "अरे, म्हणजे तुझी परीक्षा काही सुटली नाही."

तो हसला. "नाही ना मॅडम. तिकडं आयोगाचा रिझल्ट, इकडं जीओटीचा रिझल्ट. पण इथं नापास झालो तर का झालो ते कळते. एखादी कळी नजरेतून सुटते, आपली आपणच फळते, ते फळ चांगल्यात मिसळलं की संपलं. तिकडं दोन मार्कानं गेलो तं कशानं गेलो, हे आजवर कोणी सांगितलं नाही."

तो घरी जाऊन बराच वेळ झाला तरी मी या वाक्यापाशीच होते. यशाची आपली व्याख्या आपण करावी, असं सांगणारी पुस्तकं हल्ली रेल्वे स्टेशनवरही मिळतात. त्यांत बहुधा असं लिहिलेलं असतं की लोकांची मोजपट्टी फेकून द्या. या पोराने ती फेकलेली नाही. कंपनीची चाचणी त्याच्यावर तेवढीच कडक आहे, बँकेचा हप्ता त्याहून कडक. त्याने निवडली ती फक्त अशी जागा, जिथे आपलं काय चुकलं ते आपल्याला दिसतं आणि पुढच्या हंगामात सुधारता येतं. माझ्या मते हे पुष्कळ आहे. आणि हेही खरं की वडिलांचं शेत नसतं, विहिरीला पाणी नसतं, तर एवढंही जमलं नसतं. पुण्याच्या त्याच खोलीतले बाकीचे तिघे आज कुठे आहेत, हे त्याने सांगितलं. ते मी लिहीत नाही.

स्वतःच्या अटींवर जगणं ही गोष्ट आमच्या जिल्ह्यात हलक्या तोंडाने बोलू नये. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि सहावा बुलढाणा. कर्ज, नापिकी, पडलेले भाव ही कारणं सगळ्या अहवालांत असतात. पण ज्यांच्या घरी बसायला गेले त्या घरांत एक कारण मी बायकांच्या तोंडून ऐकलं आहे, जे अहवालात वेगळं मांडत नाहीत. पोरीचं लग्न ठरलं होतं, आणि ‘लोक काय म्हणतील’. वसुलीला माणूस दारात आला तो शेजाऱ्यांनी पाहिला. पैशाचं नुकसान सोसता आलं असतं कदाचित. आपण फसलो हे गावाने पाहिलं, ते सोसवलं नाही. जिथे लोकांच्या मोजपट्टीने माणूस मरतो, तिथे ती मोजपट्टी खोटी आहे असं म्हणून चालत नाही. ती खरी आहे, जड आहे, आणि तिच्याखालून सुटायला पैसा, पाणी, जमीन, निदान एक समजूतदार घर लागतं.

म्हणून ना. घं.ची गोष्ट सांगताना मी अलीकडे जरा जपून असते. साहित्याच्या कार्यक्रमांत त्यांच्यासाठी एक ठरलेलं विशेषण आहे, ‘प्रसिद्धीपराङ्मुख’. सूत्रसंचालकाला ते उच्चारताना धाप लागते, पण त्याच्याशिवाय भाषण पुरं होत नाही. मला ते आवडत नाही. एक तर ते खरं नाही. त्यांनी संग्रह काढले, पुरस्कार घेतला, गाणं गायलं गेलं ते आनंदाने होऊ दिलं. त्यांनी प्रसिद्धीकडे पाठ फिरवली नाही, तिच्यासाठी गाव सोडलं नाही एवढंच. दुसरं म्हणजे या विशेषणामुळे न लिहिलेली सगळी वर्षं सारखीच दिसायला लागतात. कमी लिहिलं, मागे राहिले, गप्प बसले, म्हणजे समाधानी असणार. याच जिल्ह्यात याच्या बरोबर उलट उदाहरण आहे, आणि ते ना. घं.च्या जन्माच्या बरंच आधीचं आहे.

ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे. मुलीला त्यांनी घरीच शिकवलं. मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजीही. त्या काळी बुलढाण्यासारख्या ठिकाणी ही केवढी गोष्ट होती, ते आज तिथल्या थंड हवेचं कौतुक करत फिरताना लक्षात येत नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला झाला, तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर जे काय लिहून येऊ लागलं, ते वाचून बुलढाण्यात बसलेल्या या बाईने लेखणी उचलली. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून निघालं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

आजही ते पुस्तक वाचताना अंगावर येतं. बायका कपटी, चंचल, अविचारी, असे जे जे दोष त्या काळी बायकांच्या माथी मारले जात, ते एकेक उचलून ती विचारते की यात जास्त पटाईत कोण. धर्मशास्त्र लिहिणारे, नाटक-कादंबऱ्या लिहिणारे, वर्तमानपत्रवाले, सुधारणेच्या नुसत्या सभा घेणारे, कोणालाच ती सोडत नाही. भाषा घरातली, रागावलेली, मध्येच खळखळून हसणारी. मराठीत असा राग त्याआधी क्वचितच छापला गेला असेल. आणि ती कोणाकडे मागत काही नाही; थेट हिशेब मांडते.

पुढे काय झालं? टवाळी झाली. परक्यांनी केली ते सोडा, सत्यशोधक वर्तुळातूनही टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या अंकात तिची बाजू घेतली आणि टीका करणाऱ्या आपल्याच लोकांना सुनावलं. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक निघालं नाही. पहिलंही विसरलं गेलं. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं १९७५ मध्ये, म्हणजे त्र्याण्णव वर्षांनी. मग १९९४ साली रोझालिंड ओ’हॅनलन यांनी इंग्रजीत नेलं आणि जगभरच्या विद्यापीठांतून ते वाचलं जाऊ लागलं. आज भारतातल्या पहिल्या स्त्रीवादी लेखनात त्याची गणना होते. लिहिणारीला यातलं काही माहीत नव्हतं.

दोघांच्याही वहीत कोरी पानं आहेत. ना. घं.ची कोरी पानं त्यांची स्वतःची होती. मन होईल तेव्हा त्यांनी ती भरली, शहात्तराव्या वर्षीही. ताराबाईंची कोरी पानं दुसऱ्यांनी कोरी ठेवली. दोन्हींना एकाच कौतुकाच्या माळेत ओवणं मला अन्याय वाटतो. ‘यश म्हणजे आतलं समाधान’ असं म्हणणाऱ्या माणसाने निदान एकदा ताराबाईंच्या मोकळ्या राहिलेल्या वर्षांकडे बघून तेच वाक्य मोठ्याने म्हणून बघावं.

बारा जानेवारीला सिंदखेडराजाला पाय ठेवायला जागा नसते. लखुजी जाधवांच्या वाड्यात १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला, आणि त्या दिवशी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसं येतात. बायका डोक्याला भगवे फेटे बांधून, मुलींना घोड्यावर बसवून. मीही गेले आहे आणि गळा भरून आला आहे. तरी परतताना दरवेळी एक विचार येतो. भाषणांत जिजाऊ जवळजवळ नेहमी ‘ज्यांनी शिवबा घडवला’ एवढ्याच असतात. जहागिरीचा कारभार बघणाऱ्या, न्यायनिवाडा करणाऱ्या, संकटात निर्णय घेणाऱ्या जिजाऊ एका वाक्यात उरकतात आणि वक्ता पुन्हा शिवबांकडे जातो. बाईचं यश तिच्या मुलाच्या नावावर जमा करायची सवय इतकी जुनी आहे की साक्षात जिजाऊंनाही तिच्यातून सूट मिळत नाही. ताराबाईंना तर मूलबाळच नव्हतं. त्यांचं यश जमा करायला खातंच नाही. जिल्ह्याबाहेरच्या प्राध्यापकांना त्यांचं नाव तोंडपाठ असतं, आणि माझ्या वर्गात मी पहिल्यांदा ते घेते तेव्हा मुली विचारतात, "कोल्हापूरच्या का मॅडम?" कोल्हापूरच्या ताराराणी त्यांना माहीत असतात.

हे सगळं मी एखाद्या त्रयस्थासारखं सांगते आहे, तसं ते नाही. एम.ए. झाल्यावर माझं पुण्याला पीएच.डी.साठी जायचं ठरत आलं होतं. त्याच वर्षी धाकटा भाऊ इंजिनिअर होऊन पुण्याला गेला. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग मुलगा झाला, मग इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात जागा निघाली. आता भाऊ फोनवर म्हणतो, "ताई, तू हुशार होतीस माझ्यापेक्षा. तिकडे काय करत बसलीस?" मी विचारणाऱ्याप्रमाणे उत्तर देते. भावाला सांगते, मला इथलंच आवडतं. मैत्रिणीला सांगते, तेव्हा कोणी विचारलं कुठे मला. दोन्ही उत्तरं खरी आहेत. भाऊ गेला तो त्याचा निर्णय होता, असं घरात सगळे म्हणतात. मी राहिले त्याला ‘सांभाळून घेतलं पोरीने’ म्हणतात. यातला फरक दाखवला की नवरा वर्तमानपत्र उघडतो.

वर्गात ‘शीळ’ शिकवताना चाळीस मुलं एका तालात माना हलवायला लागतात, खिडकीबाहेर जूनचा पहिला पाऊस असतो, तेव्हा मला पुण्याची आठवणही होत नाही. हे माझं यश आहे आणि ते मी कोणाकडून प्रमाणित करून घेणार नाही. पण त्या राहून गेलेल्या प्रबंधाची सल ही त्यागाची गोष्ट करून कोणी मांडली, तर मला ते चालणार नाही. सल ती सलच. दोन्ही एका घरात राहतात आणि बरं चाललं आहे.

मेहकरला एक पडकी वास्तू आहे, कंचनीचा महाल. लोक तिची गोष्ट वेगवेगळी सांगतात. मी ऐकली ती अशी: कंचनी नावाची नर्तकी होती, तिला आपल्या महालावरून लोणारच्या कमळजादेवीचा दिवा दिसायला हवा होता. म्हणून ती मजल्यावर मजले चढवत गेली, देवी कोपली, आणि कंचनीचा दगड झाला. गोष्ट सांगणारी आजी नेहमी शेवटी डोळे मोठे करून म्हणायची, बाईने एवढं उंच जाऊ नये. लहानपणी मला भीती वाटायची. आता वाटतं, लोणार बशीसारखं खोल विवर, देवीचं देऊळ त्याच्या पोटात सरोवराच्या काठी. तिथला दिवा मेहकरहून बघायचा तर उंची लागणारच, त्यात तिचं काय चुकलं? तिने बघायचं काय ते स्वतः ठरवलं होतं, आणि किती मजले लागतील तेही. ना. घं.नी अखेरच्या काळात आपल्या एका संग्रहाला तिच्या महालाचं नाव दिलं, याचा मला फार आनंद वाटतो.

लोणार बघायला दूरदूरचे लोक येतात. उल्कापातातून बसाल्टच्या खडकात झालेलं ते सरोवर २०२० साली रामसर यादीत गेल्यापासून जास्तच. तुम्हीही याल तेव्हा विवराच्या कडेवर उभं राहून फोटो काढून परत फिरू नका. तिथून मेहकर वीस-पंचवीस किलोमीटर आहे. शारंगधर बालाजीचं दर्शन घ्या, महालाचे अवशेष बघा. आणि घरी गेलात की जवळच्या वाचनालयात दोन पुस्तकं मागा: ना. घ. देशपांड्यांचं ‘खूणगाठी’ आणि ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’. दुसरं तर एका बैठकीत वाचून होतं. कपाटात नसेल तर ग्रंथपालाला मागवायला लावा, आणि येईपर्यंत आठवण करत राहा.